कपाळावरचं ओलं भस्म

प्रिय मंजू,

वसतिगृहाच्या खोलीची किल्ली तू चार वर्षांत अकरा वेळा हरवलीस आणि अकराही वेळा मी तुझी खरडपट्टी काढली. नांदेडला गोदावरीच्या पुलावर भर उन्हात तुझी चप्पल तुटली होती, तेही लख्ख आठवतं. आज सकाळचं मात्र विचारू नकोस.

इथे निलंग्यात सगळ्यांना माझी काळजी आहे, म्हणून माझं कोणी ऐकत नाही. माझ्या लेकाने, श्रीशैलने, दिवाळीत हॉलमध्ये कॅमेरा बसवला. पुण्यातून तो आईला बघतो. पूर्वी वर्षातून दोनदा यायचा आणि तब्येत विचारायचा. आता रोज दिसते म्हणून विचारत नाही. यंत्र चोरासाठी लावलं. चोर काही आला नाही, पण मीच माझ्या घरात चोरासारखी वावरते.

गेल्या महिन्यात एका सोमवारी आंघोळ करून इष्टलिंगाच्या पूजेला बसले. पूजेशिवाय मी चहाचा घोट घेत नाही, हे तू चार वर्षं पाहिलंस. भस्म लावायला बोटं कपाळाला नेली, तर तीन पट्टे आधीच ओढलेले. ओले. ताटलीत बेलाची पानं वाहिलेली. पूजा झाली होती, मंजू, आणि ती मीच केली होती. उठावं, तर समोर कॅमेरा. मग पुन्हा पहिल्यापासून सगळी पूजा केली, अगदी सावकाश, ठरवून करत असल्यासारखी. परवा तर तीनदा झाली. दुपारी एकला लक्षात आलं, की चहाच घेतला नाही.

यावर सूनबाईचा, ऋतुजाचा, फोन आला. म्हणाली, "आई, किती करता हो देवाचं, आम्हाला पाच मिनिटं जमत नाहीत." शेजारची कमलम्मा खिडकीतून म्हणाली, "अक्का, लई भक्ती हाय बघा तुमची." मी गॅस बंद करायला विसरले असते, तर यांनी मला वेड्यात काढलं असतं. पूजा केल्याचं विसरले, तर साध्वी केलं. पाढे विसरणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं बाकावर उभं केलं. मला उभं करणारं कोणी उरलं नाही. रागावणारी माणसं संपली, की म्हातारपणात फक्त कौतुक उरतं, आणि त्या कौतुकाचीच मला आता भीती वाटते.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बोललेलं हवेत जातं, आणि मी बोलले की नाही हे मला नंतर कोण सांगणार? कागद तुझ्याकडे राहील. आपल्या दोघींत विसरभोळी तू, तरी पुरावा तुझ्याकडेच ठेवते आहे. हे पत्र मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, असं मला वाटतं. तसं असेल, तर निलंग्याची एसटी पकड. आपण दोघी लातूरला डॉक्टरकडे जाऊ, श्रीशैलला मी स्वतः सांगेन. पण असंच पत्र तुझ्याकडे आधी आलेलं असेल, तर मला उत्तर लिहू नकोस. श्रीशैलला फोन कर. त्याचा नंबर पाठीमागे लिहिला आहे. मला पाठ होता. आज वहीतून उतरवून घेतला.

तुझीच, अजून तरी,
अंबिका