बराखीत आम्ही कांदे ठेवतो

३ फेब्रु., मंगळ.
अप्रेंटिसशिपचा अकरावा महिना. अजून टेस्टिंगच. दिवसभर दुसऱ्यांच्या अ‍ॅपमधल्या चुका शोधायच्या, आणि नाव विचारलं की कुणीतरी म्हणणार, "ती गावाकडची अप्रेंटिस." असो.
आज ब्रँडिंगच्या केतकी मॅडमनी बोलावलं. (यापुढे के.मॅ., हात दुखतो.) कंपनी अप्रेंटिस मुलींवर फिल्म काढतेय, त्यात मी. रविवारी येडगावला घरी शूटिंग. जाताना हळूच म्हणाल्या, "कन्फर्मेशनची लिस्ट याच महिन्यात आहे, वरचे लोक अशा गोष्टी बघतात." सगळ्यांना कायम करणार नाहीत हे सगळ्यांनाच माहीत आहे. मी लगेच हो म्हणाले.
घरी फोन. आई: "अगं बया! रविवारी? मग घराला रंग कवा द्यायचा?"

५ फेब्रु., गुरु.
रंग दिला. खरंच दिला! अण्णा मंचरच्या बाजारात बटाटा घालून येताना डबे घेऊन आले. गेटला निळा. "तुझं वडील सोताच ब्रश घेऊन बसलेत, कुणाचं ऐकत न्हाईत," आई फोनवर. भावकीत सगळ्यांना सांगून झालंय की पोरगी कंपनीच्या पिक्चरमधी येणार.
रूमवर सविता हसत सुटली. ती माझ्याच बॅचची, घोडेगावच्या पुढं डोंगरातलं गाव तिचं. म्हणाली, "तुमचं घर बघून कॅमेरावाले पळून जातील." म्हणजे काय, काही कळलं नाही मला.

८ फेब्रु., रवि.
डोकं अजून ठणकतंय, पण लिहूनच ठेवते.
अण्णा पहाटेच अंघोळ करून, मामाकडून फेटा बांधून तयार. आईनं गेटापुढं त्यांचा फोटो काढला. कोपऱ्यात तिचा अंगठा.
गाडी आली. के.मॅ. उतरल्या, घर बघितलं आणि चेहराच पडला. "हे तुझंच घर?" हो. दोन मजले, अंगणात ट्रॅक्टर, काय करू. "जुनं घर नाहीये का कुठे?" पाडलं. मग त्यांना मागची कांद्याची बराख दिसली. वर पत्रा, बाजूला बांबू, फटीफटीतून ऊन. कांदा निघायचाय अजून, म्हणून रिकामी.
"वॉव. हे किती रिअल आहे! हेच घर म्हणून दाखवू."
आई: "त्यात आमी कांदे ठेवतो. माणसं न्हाई ठेवत."
मग आईला म्हणे साधी, जुनी साडी नेसा. "जुन्या साड्या फरशी पुसायला घेतल्यात बाई. त्यातली नेसू का?" मला हसू आवरेना. के.मॅ.ना आवरलं.
माझ्या हातात कागद. पहिलंच वाक्य: मी कॉम्प्युटर पहिल्यांदा कंपनीत पाहिला. म्हटलं, मॅडम, सातवीपासून घरात कॉम्प्युटर आहे. "हो गं, पण स्टोरी म्हणून." तेवढ्यापुरतं म्हटलंही मी. दोन टेक दिले. खोटं कशाला लिहू.
मग अण्णांची पाळी. कॅमेरावाला, "काका, फेटा काढून तिकडं ढेकळात बसता का? एक हात कपाळाला. आभाळाकडं बघा."
माझे अण्णा! भावकीच्या बैठकीत ज्यांच्यापुढं कुणाचा आवाज चढत नाही, ते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. फेटा काढला, बांधावर ठेवला आणि बसले. हात कपाळाला लावला. माझ्या नोकरीसाठी.
सणकच गेली डोक्यात. "अण्णा, उठा."
"आसू दे गं, दोन मिन्टाचं काम हाय."
"उठा म्हणते ना!"
जन्मात अण्णांशी असं बोलले नव्हते. के.मॅ. म्हणे, अगं फक्त एक शॉट आहे. मी म्हटलं, शूटिंग झालं, आता चहा घ्या.
चहा झाला, पोहे झाले. पाहुणचारात आई कमी पडली नाही. गाडीचं दार लावताना मात्र बोललीच, "पावणं, पुन्यांदा दुस्काळ दाखवायचा आसंल तर येडगावला येऊ नका. आमच्या म्होरं धरान हाय."

९ फेब्रु., सोम.
ऑफिसात सगळ्यांना कळलंय. सुबोध सर (आमचे टीम लीड, माणूस वाईट नाही) बाजूला घेऊन म्हणाले, "दोन वाक्यं म्हणाली असतीस, काय बिघडलं असतं? तुझं काम चांगलं आहे, उगीच…"
"सर, तुम्ही तुमच्या वडिलांना ढेकळात बसवाल?"
मग म्हणाले, पेमेंट स्क्रीनचा रिपोर्ट आज दे. दिला.

१२ फेब्रु., गुरु.
के.मॅ. आता सविताच्या मागे. तिचं घर खरंच मातीचं, भाताच्या खाचरांच्या कडेला. मी म्हटलं, तू पण नाही म्हण.
जाम भांडलो.
"तुला बंगला आहे म्हणून नाही म्हणता येतं," सविता म्हणाली. "तुला कायम नाही केलं तर तू ट्रॅक्टरवर बसून घरी जाशील. मी कुठं जाऊ?"
बरोबर आहे तिचं. बरोबर आहे म्हणूनच लई लागलं. जेवले नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
सवितानं डबा अर्धा करून पुढं सरकवला. म्हणाली, घर दाखवीन, ते आहे तसंच आहे, त्याची मला लाज नाही. पण बोलणार मी माझं. आणि आमची आई रडणार नाही, तिला भाताच्या पेंढ्याची कामं आहेत.
के.मॅ.नी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
के.मॅ.नी माझी फिल्म दाखवली. घर नाही. गेट नाही. ट्रॅक्टर तर नाहीच. बराख आहे. आणि अण्णा आहेत, ढेकळात, हात कपाळाला. काढलाच होता तेवढा शॉट! मागं सारंगी का काय ते वाजतंय.
"संमतीपत्रावर सही कर, वडिलांचीही घेऊन ये. शुक्रवारपर्यंत."
संध्याकाळी फोनवर अण्णांना सांगितलं. म्हणाले, "कर की सही. माझं काय झिजतंय? तुझं काम व्हतंय ना."
मग हळूच, "फेट्यातला येकबी न्हाई घेतला का गं?"
"नाही अण्णा. एकही नाही."
"मग नको करू."
त्यांनी फोन ठेवून दिला. मी जिन्यात बसून भडाभडा रडले. कॅमेरा नव्हता, बरं झालं.

२० फेब्रु., शुक्र.
कागद कोराच परत दिला. के.मॅ.: "लिस्ट अजून फायनल नाहीये हं."
"माझं उत्तर फायनल आहे, मॅडम. अण्णांचा तो शॉट लावायचा नाही."
आणि ते कॉम्प्युटरचं वाक्यही काढून टाका म्हटलं. ते मी खोटं बोलले होते. के.मॅ. लॅपटॉपकडं बघत राहिल्या.
चारला सुबोध सरांचा मेसेज. सोमवारी अकराला भेट. एवढंच. चांगलं की वाईट, देव जाणे. सविता म्हणते चांगलं. तिलाही बोलावलंय.
घाबरलेय. नाही कशाला म्हणू. पण सही करायला हवी होती असं एकदाही वाटलं नाही.
निघायच्या आधी ऑफिसच्या मशीनचा वॉलपेपर बदलला. तिथं कंपनीचा लोगो होता, आता आईनं काढलेला फोटो. मागच्या रांगेतल्यांनासुद्धा दिसेल एवढा मोठा. निळं गेट, कोपऱ्यात आईचा अंगठा, आणि फेटा बांधलेले अण्णा. उभे.