पहिल्या ओळीतले हिरवे बटाटे

बाई, काल आमच्या गॅलरीतल्या जुन्या टबात बटाट्यांच्या खोडाशी मातीची भर घातली. जिथं आमची चाळ होती तिथं आता मोठी इमारत आहे, आणि अकराव्या मजल्यावर मी ही हौस करते. सून हसते. खाली बाजारात बटाटा मिळत नाही का, म्हणते. मिळतो की. पण मातीत हात गेला की तुम्ही आठवता, आणि तुम्ही आठवलात की एक गोष्ट ओठांवर येते. ती तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी राहिलेलीच आहे.

परळच्या आमच्या मुलींच्या शाळेमागे, गिरणीच्या भिंतीला लागून, चिंचोळी जागा होती. मुंबईत बटाटा होत नाही असं सगळे म्हणायचे, म्हणूनच तुम्ही तो लावायचा ठरवला. नळाजवळची पहिली ओळ तुमची आणि पुढची एकेक आम्हा सातवीच्या मुलींची. आधी तण मुळासकट काढायचं, मग दोन्ही बाजूंनी माती ओढून खोडाशी चढवायची, वरची पानं तेवढी मोकळी ठेवायची. "बटाट्यानं ऊन बघितलं की तो हिरवा होतो आणि कडू लागतो. त्याला अंधारातच राहू द्या गं," असं तुम्ही सांगायचात. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे. आम्ही खुरप्याच्या ठेक्यावर 'झालाच पाहिजे' सुरू केलं की तुम्ही म्हणायचात, "घोषणा मनात द्या, हात चालू देत." पण हसू तुमच्याही तोंडावर असायचं.

माझ्या ओळीत मात्र तण असे. त्यातली घोळ आणि माठ ही पालेभाजी मी मुद्दाम राखत होते. त्या वर्षी आज हरताळ, उद्या मोर्चा. बाबांची गिरणीतली हजेरी सारखी बुडत होती आणि आमच्या घरी भाजी म्हणून तीच शिजत होती. कोवळी घोळ चार दिवस वाढू दिली तर घरातल्या सहा जणांना पुरायची. हे मी तुम्हाला कशी सांगणार? एका सकाळी तुम्ही माझ्या ओळीशी थांबलात आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "हे काय? पाहुणे बसवल्यासारखं तण जपलंयस! बटाट्याच्या तोंडचा घास पळवतंय ते. आळशी कुठली!" मुली खदखदून हसल्या. अजून आठवलं तरी माझे कान तापतात.

मधल्या सुट्टीत सगळ्या डबे खात होत्या. मी नळाशी गेले आणि तुमच्या ओळीची भर दोन्ही हातांनी उकरून टाकली. नुकतंच पाणी दिलेलं, माती ओली होती. लिंबाएवढे बटाटे उघडे पडले, पांढरे स्वच्छ. ते पाहून मला बरं वाटलं, बाई. मग भीती वाटली. उद्या घंटेच्या आधी येऊन माती परत ओढायची असं ठरवून मी पळाले. पण त्याच संध्याकाळी शहर पेटलं. गोळीबार, संचारबंदी, शाळा बंद. लालबागच्या बाजूनं आवाज आले की आई खिडकी लावून घ्यायची. घरातले सगळे बाबांच्या काळजीत आणि मी बटाट्यांच्या. बाहेर छान ऊन पडलेलं असायचं.

संचारबंदी दोन तास उठली तेव्हा तुम्ही शिवाजी पार्काहून चालत आलात, मुली सुखरूप आहेत का ते बघायला. आमच्या दारात उभं राहून पदरानं घाम पुसत होतात. आईनं तुम्हाला तसं जाऊ दिलं नाही. "बसा बाईनू, घासभर खावन जावा." पाटावर बसून तुम्ही भाकरी आणि भाजी खाल्लीत. भाजी छान आहे, कुठून आणली, असं विचारलंत, तर आई माझ्याकडे बोट दाखवून भाबडेपणानं म्हणाली, "तुमच्याच बागेतली घोळ, बाईनू. चेडू हाडता. गिरण बंद, तेवा तीच आधाराक आसा."

तुमचा घास हातातच राहिला. माझ्याकडे पाहिलं नाहीत, फार बरं केलंत. मग आईला म्हणालात, "हिला मी वर्गात आळशी म्हणाले. चुकलं माझं." आणि आणखी भाजी मागून घेतलीत. मोठं माणूस चुकलं म्हणतं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिन्यापर्यंत तुमच्या मागे आले आणि परत फिरले.

शाळा उघडली तेव्हा तुमची ओळ हिरवीगार झाली होती, पानं नव्हेत, बटाटे. शिपाईमामा म्हणाले, गिरणीच्या भिंतीतल्या घुशींचं काम. तुम्ही मलाच विचारलंत, "तू पाहिलीस का गं घूस?" मी म्हणाले, "हो बाई, केवढी मोठी होती! त्या भोकात शिरली." हातानं मापसुद्धा दाखवलं. तुम्ही उकिडव्या बसून मातीवरून बोटं फिरवत राहिलात. "मग भर माझीच कमी पडली," एवढंच म्हणालात. हिरवे बटाटे खड्ड्यात टाकलेत आणि मला हाक मारलीत, "ये, त्या बाजूनं तू ओढ." त्या दिवसापासून भिंतीकडची हातभर जागा तण काढायची नाही असा तुमचा हुकूम झाला. शनिवारी तिथली घोळ काढून माझ्या पिशवीत घालायचात, म्हणायचात, "आईला दे, माझी आठवण म्हणून."

हे पत्र त्या गोष्टीसाठीच लिहायला बसले होते. पण आज सकाळी टबाकडे पाहिलं. काल मी ओल्या मातीत हात घातला होता, ती रात्रीत वाळली आणि माझ्या बोटांचे चर तिच्यात तसेच राहिलेत. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच. बाई, तुम्ही त्या दिवशी बोटं कशावरून फिरवत होतात ते मला आज, या वयात कळलं. तुमच्या बोटांच्या मानानं माझे ते चर केवढे बारीक असतील.

म्हणजे तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलंच नाही, आणि पाठवायचं तरी कुठं? तरीही एकदा माझ्या तोंडून यायला हवं. घूस नव्हती, बाई. मी होते.