हाकाऱ्याचं प्रकरण

बाबा, तुमच्या समग्र लेखनाचं काम माझ्याकडे आलं आणि ट्रंकेच्या तळाशी तुमची एक न छापलेली वही सापडली. साहेबाच्या राज्यातलं बालपण ही तुमच्या लेखनाची खाण: कुरखेड्याकडच्या जंगलातला डाकबंगला, तिथे चौकीदार असलेले आजोबा, मडमेनं शिकवलेलं इंग्रजी, बिस्किटांचा डबा. वाचक त्यावर खूश, मीही होते. तुम्ही लिहीत असताना दारात कोणी आलं की मात्र दचकायचात आणि आधी विचारायचात, "कितीजण आहात?" आम्ही मागे हसायचो.

वहीत साहेबाची शिकार आहे. गावातली तेवीस माणसं वेठीला धरून हाक्याला, म्हणजे आरडाओरडा करत वाघ मचाणाकडे हाकलायला, लावलेली. नऊ वर्षांचे तुम्ही दुभाषे, मचाणावर साहेबाशेजारी. साहेब विचारतो, सगळे हाकारे नाल्याबाहेर आले का? तुम्ही मोजत नाही. इंग्रजीत उत्तर द्यायची एवढी हौस, की "येस सर" म्हणून मोकळे होता. गोळी सुटते. जखमी वाघ माघारी नाल्यात वळतो, आणि तिथे एकजण अजून असतो.

गेल्या महिन्यात मी त्या नाल्यावर गेले. वाघानं माणूस मारला त्या जागी येणारा-जाणारा एक फांदी टाकतो ना, तो ढीग अजून छातीइतका आहे. भर दुपार, पण एक पाखरू बोलत नव्हतं. मोहफुलं वेचणारी एक बाई भेटली, त्याच हाकाऱ्याची नात. मी कोणाची कोण ते सांगितलं.

"तुमचे बाबा दरसाल येत," ती म्हणाली. "फांदी नोते टाकत. उभे राहून मोजत. बावीस झाले का थांबत. तेविसावा नोते म्हणत. आताबी मोजून राह्यले. तुमाले ऐकू नाई येत काय?"

"त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, बाई."

"मालूम आहे न मले."

नाही येत, म्हणाले मी. खोटं बोलले. ढिगापलीकडून येत होतं, बाबा. लहान मुलाचा आवाज, आकडे इंग्रजीत. फांदी टाकून मी गाडीकडे वळले, तशी ती मागून म्हणाली, "तुमच्या बुकात आमच्या आज्याचं लिवा. नाव लिवा त्याचं." मी हो म्हटलं.

काल पुस्तक छापायला गेलं. वहीतलं ते हाकाऱ्याचं प्रकरण त्यात नाही. तुमची अब्रू राखली असं मनाला सांगता येईल, पण तुमच्याशी कशाला लबाडी करू? मोठ्या लेखकाची मुलगी म्हणून लोक उठून मला खुर्ची देतात. ती मला सोडवली नाही.