मेन ड्रायव्हर

केंब्रिज,
१९ मार्च

प्रिय उन्मेष,

तू देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला गेल्यापासून सव्वा वर्षात आपण फोनवर कामापुरतं बोललो. तू मध्येच ‘ओके, ओके’ म्हणतोस आणि माझं वाक्य राहून जातं, म्हणून पत्र लिहिते आहे.

परवा गाडीची पॉलिसी रद्द केली. नोव्हेंबरपर्यंत होती. ‘थांब ना, मुदतीआधी मोडलीस तर उगाच दंड कापतील,’ असं तू म्हणाला होतास आणि सही पाठवायचं टाळलं होतंस. दंडाबद्दल तू बरोबर होतास. तीनशे बारा डॉलर कापले. ही माझी गरज आहे की नुसती ईर्षा, असं आठवडाभर स्वतःला विचारत होते. थोडी ईर्षा आहे, हे डायरीत लिहूनही ठेवलं.

पण गरज खरी होती. इथल्या कार प्लांटमध्ये क्वालिटी विभागात मला घेतलं! सकाळी सहाची शिफ्ट, त्या वेळी बस नाही. आपली जुनी व्हॅन काढून छोटी गाडी घ्यायची, विमा माझ्या एकटीच्या नावावर, एवढाच बेत होता. नव्या पॉलिसीचा आकडा ऐकला, तर लायसन्स नुकतंच मिळालेल्या पोराला सांगतात तसला. विमा कंपनीतली ब्रॅम्प्टनची मुलगी म्हणाली, ‘आंटी, आप तो सेकंडरी हैं. मेन ड्रायव्हर तो अंकल हैं.’ अकरा वर्षं व्हॅन मी चालवली. आपल्या ऊर्मीची शाळा, ग्रोसरी, बर्फ शोव्हल करून तुला स्टेशनवर सोडणं. तू स्टिअरिंग धरलंस ते दोनदा, त्यात एकदा गॅरेजचं दार गेलं. तरी अपघाताविना गेलेली अकरा वर्षं तुझ्या नावावर, आणि पॉलिसी रद्द करायलाही सही तुझीच.

जुना फॉर्म मागवून पाहिला. अक्षर माझंच. नावाच्या रकान्यात मी सवयीने पूर्ण नाव लिहिलं होतं: नीलिमा उन्मेष कर्णिक. एका बाईचं नाव त्यांनी दोन माणसांचं धरलं आणि त्यातल्या पुरुषाला पुढच्या सीटवर बसवलं.

मग पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, दर वर्षी विंटर टायर बसवल्याच्या माझ्या सहीच्या पावत्या आणि रोज गाडी कुठे नेली ते लिहिलेल्या अकरा डायऱ्या घेऊन मॅनेजरसमोर बसले. लग्नाआधी मधलं नाव शरदचंद्र होतं, हे मी सांगितलं. ‘हे शरदचंद्र कोण?’ ‘माझे वडील.’ ‘आणि लग्नानंतर ते उन्मेष झाले?’ मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. कितीतरी महिन्यांनी अशी हसले असेन. डायऱ्या मराठीत, म्हणून एकेका पानाचं इंग्रजी करून सांगायला लागले. दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत पोहोचले तेव्हा तो हात जोडून म्हणाला, ‘मॅम, प्लीज, आय बिलीव्ह यू!’

चार दिवसांनी दुरुस्ती झाली. पॉलिसी माझी, मेन ड्रायव्हर मी, सहीही माझी. नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर दंड वाचेल, असं त्याने सुचवलं. पण नवी गाडी, नवी पॉलिसी आणि माझी अकरा वर्षं मला त्याच दिवशी हवी होती. निम्मा दंड माफ करून बघतो म्हणाला, तर मीच नको म्हटलं. चुकीचं नाव मीच माझ्या हाताने लिहिलं होतं ना! सही करून बाहेर आले आणि पार्किंगमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता या पत्राचं कारण. तुझ्या व्हँकुव्हरच्या विम्याला सवलत मिळाली, ती याच कंपनीने दिलेल्या, इतकी वर्षं अपघात न झाल्याच्या दाखल्यावर. तो मागवताना तुला काही खटकलं होतं का, हे मी विचारणार नाही. विचारावं का, यावर दोन रात्री घालवल्या आणि नको असं ठरवलं. पण तो दाखला आता रद्द झाला आहे. दुरुस्त केलेला तिकडे जाईल आणि तुझा हप्ता नवशिक्याचा होईल. हे तुला कंपनीच्या पाकिटातून अचानक कळू नये, माझ्याकडून आधी कळावं, असं वाटलं. सावकाश चालव. अकरा वर्षं भराभर होतात.

‘तुझीच’ असं सवयीने लिहिलं होतं, खोडलं.

नीलिमा