ळ नसलेलं त्रैमासिक

४ नोव्हेंबर १९३७
संशोधन मंडळाची बैठक, धंतोलीत, मंडळाचे चिटणीस अण्णासाहेब यांच्या बंगल्यावर. वकिली चालेना म्हणून यांनी साहित्य धरलं. उन्हाळ्यात काशीला जाऊन आले, तिथल्या कुठल्याशा छापखान्यातला टाइप पाहिला, तेव्हापासून आमच्या त्रैमासिकाचा टाइप गावंढळ. आता सगळं नवं. मुखपृष्ठावर वीणा, वीणेवर कमळ, कमळावर भलंमोठं नाव. संशोधनाचं त्रैमासिक की अत्तराच्या बाटलीवरचा कागद?
मी नमुना मागितला. "ताई, सौंदर्याला नमुना लागत नाही." सगळे हसले. मुद्रितं मी एकटी तपासते, हे हसताना कोणाला आठवलं नाही.

१२ नोव्हें.
शाळा सुटल्यावर छापखान्यात. जुना टाइप वितळवायला गेलासुद्धा. अण्णासाहेब नव्या टाइपातला अक्षराचा एकेक खिळा उजेडात धरून बघून राहिले होते, सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे. अक्षरं पोट सुटलेली.

१९ नोव्हें.
पहिली मुद्रितं. 'तिसरी ओल'. 'पाठांचा घोटाला'. 'मूल प्रत'. वाटलं, खिळे जुळवणारा जुळारी पिऊन बसला. फोरमन गणपतराव म्हणाले, "बाई, मले काहून बोलता? टाइप हिंदीचा हाय, त्यात ळ हायेच नाही. साहेबांले इचारलं. ते म्हणाले, ल लावा."
दुसऱ्या छापखान्यातून ळ उसना आणला, तो उंचीत बसेना.
मराठी त्रैमासिक, आणि

२० नोव्हें.
काल पुढे लिहवलं नाही. याच अंकात वामनकाकांचा लेख. बाबांचे स्नेही. महाल भागातल्या एका खोलीत बसून जन्म एका पोथीवर घालवला, डोळेही त्यातच गेले. लेखाचा सगळा मुद्दा एवढाच, की एका ओवीत 'फळ' नसून 'फल' आहे, म्हणून ती पोथी जुनी. छापून आलंय: "येथे 'फल' नसून 'फल' आहे." पुढची पानंही अशीच.
अण्णासाहेबांना म्हटलं, निदान हा लेख थांबवा. चहा पीत होते. "पंधरवड्यावर आलेल्या परिषदेत अंक वाटायचाय, ताई. आणि फळ काय, फल काय, खाणाऱ्याला सारखंच." या माणसाला आम्ही मानपत्र दिलं होतं. मजकूर मीच लिहिला होता.

५ डिसें.
परिषद. अंकाचं कौतुक. एका प्राध्यापकांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला, म्हणाले, "अगदी विलायती." आत कोणी उघडलं नाही. अण्णासाहेबांनी हार घालून घेतला आणि दुपारभर काढला नाही. जेवायलाही त्यातच.

८ डिसें.
वामनकाकांकडे गेले, सांगायचं ठरवून. त्यांनी अंक हातात घेतला, कागद चाचपला. "वाच."
वाचला. डोळ्यांपुढे 'फल', तोंडात 'फळ'. कुठे अडखळले नाही. काका भिंतीला टेकून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एक चूक नाही. अण्णाला माझा आशीर्वाद सांग."
त्या माणसाला आशीर्वाद. हो म्हटलं.
वर म्हणाले, "एक प्रत पुण्याला टाक." तिथल्या ज्या पंडितांनी काकांचा हाच पाठ भर सभेत खोडून काढला होता, त्यांना. "आता बोलू दे म्हणावं."

११ डिसें.
प्रत टाकली नाही. काकांनी विचारलं, तर मी टाकली म्हणून सांगितलं.
बर्डीवर रस्त्यात अण्णासाहेब टांग्यातून भेटले. पुढच्या अंकाला सोनेरी शाई. विचारलं, आणि ळ? "बघू." टांगा हाकायला सांगितला.
काकांचे जावई नाताळात अमरावतीहून येतात. त्यांच्याकडून लेख पुन्हा वाचून घेणार, असं काका म्हणतात. जावई मास्तर आहेत. छापलंय तसंच वाचतील.