दीड सेंटिमीटर खडू

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

तीर्थरूप उमाआत्या यांना
सुकन्याचे शरणार्थ.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की शाळेच्या तक्रारपेटीत माझ्याविरुद्ध कुणीतरी चिठ्ठी टाकली आणि मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं हे बरोबर आहे. ‘कुणीतरी’ हे चूक आहे. ती चिठ्ठी मीच टाकली होती. (ते पत्र जपून ठेवलं असेल तर कृपया त्या शब्दावर काट मारावी. पेन्सिलीने नको.)

आता तुमचा उजवा गुडघा कसा आहे ते कळवावं. थंडी वाढली आहे, तेव्हा पहाटे सडा टाकायला वाकू नका. माझी तब्येत चांगली आहे, दमा नाही, फक्त घसा बसला आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला खरं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र आपल्या दीपमालाच्या हाती देते आहे. ती गुरुवारी उदगीरहून लातूरला घरी येते आहे आणि शुक्रवारी परत फिरणार आहे. तिने वाटेत उघडलं असेल तर तिलाही नमस्कार.

आत्या, यात तुमचाही थोडा दोष आहे असं मला वाटतं, आणि असं वाटल्याबद्दल आधीच माफी मागते. माझी पहिली शाळा म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. दम्यामुळे तिसरीपर्यंत मला घरीच ठेवलं आणि तुम्ही कडक भाकरी थापता थापता मला बाराखडीपासून भागाकारापर्यंत नेलं. त्या शाळेचा पट एक होता. गोंगाट करायचा तर निदान दोघं लागतात, आणि दुसरं कुणी नव्हतं (मांजर होतं, पण ते वर्ग चालू असताना झोपायचं आणि तुम्ही त्याला कधी रागावला नाहीत). त्यामुळे शेजारच्याला चिमटा काढणं, दप्तराआड खाणं, तोंड बंद ठेवून आवाज काढणं, यातलं काहीच मला शिकायला मिळालं नाही. डी.एड.ला बालमानसशास्त्र होतं, पण शेवटच्या बाकावरून आलेला आवाज कुणाचा हे ओळखायचं कसं, हा धडा पुस्तकात नव्हता. बाकीच्या मुलींना तो पहिलीपासूनच येत होता.

आणि दुसरा दोष तुमच्या त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा. चूक झाली की मी आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायची, रविवारी संध्याकाळी तुम्ही डबा उघडायचा, चिठ्ठी वाचायची, ‘वाचलं’ म्हणायचं आणि ती चुलीत टाकायची. रागावणं नाही, विचारपूस नाही. (लोणच्याच्या बरणीची चिठ्ठी मी तीन रविवार टाकली होती. तिन्ही वेळा तुम्ही ‘वाचलं’ म्हणालात.) जगात जिथे जिथे डब्याला फट असते तिथे आत टाकलेल्या चिठ्ठीचं असंच होत असणार, अशी माझी कालपरवापर्यंत समजूत होती.

आता वर्गाचं. माझ्याकडे पाचवी आहे, मुलं अडतीस. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तीन टाळ्यांच्या उपायाने वर्ग शांत झाला. ही दुसरी दुरुस्ती. वर्ग शांत आहे, पण टाळ्यांनी नाही. टाळ्यांचं काय झालं ते मी लिहायचं टाळलं होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की बाईंनी तीन टाळ्या वाजवायच्या, मुलांनी उत्तरादाखल तीन वाजवायच्या आणि गप्प व्हायचं. मुलांनी तीन वाजवल्या. त्या त्यांना आवडल्या म्हणून आणखी वाजवल्या. शेजारच्या सहावीला वाटलं काहीतरी चांगलं झालंय, म्हणून तीही वाजवू लागली, मग सातवी, आणि आमचे मुख्याध्यापक बिरादार सर कुणी साहेब आले असं समजून कपाटातली शाल आणि नारळ घेऊन धावत व्हरांड्यात आले. व्हरांड्यात, सगळ्यांना थांबवायला बाहेर आलेली, मी एकटीच होते. नारळ त्यांनी परत ठेवला आणि शालीची घडी माझ्याकडे बघत घातली.

त्यानंतर ‘तोंडावर बोट’ करून पाहिलं. अडतीस मुलं बोट ओठांवर ठेवून, बोटाच्या दोन्ही बाजूंनी बोलत होती. मग बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम मी दानम्माला दिलं. दानम्मा ही वर्गाची मॉनिटर, आमच्या खो-खो संघातली सगळ्यांत चपळ मुलगी, एकदा खांबावर झेपावली की समोरची पोरगी जागच्या जागी बाद होते. तास संपल्यावर मी वळून फळा पाहिला तर एकच नाव होतं, माझं, आणि त्यापुढे पाच फुल्या. मी विचारलं तर म्हणाली, “बाई, तासभर तुम्हीच बोलून राहिल्या की.” नोंद बरोबर होती.

आता मूळ प्रसंग. शेवटच्या बाकावर पंचाक्षरी बसतो. त्याला सोयाबीनच्या मळणीयंत्राचा आवाज काढता येतो, आणि तोही ओठ न हलवता. आधी यंत्र सुरू होतं, मग त्यात पेंढी पडते, मग ते अडकतं, मग कुणीतरी पट्टा ओढतं, हे सगळं त्या आवाजात असतं. ऐकताना खरोखर अंगावर भुसा उडाल्यासारखं वाटतं. २० नोव्हेंबरला भागाकार चालू असताना यंत्र सुरू झालं, आणि बाकी किती उरली हे सांगायच्या जागी माझ्या हातून खडू फेकला गेला. तो पंचाक्षरीला लागला नाही. तो त्याच्या पुढच्या बाकावर झोपलेल्या रामलिंगच्या कपाळाला लागला. रामलिंग उभा राहिला, “हजर बाई” म्हणाला आणि पुन्हा बसला. मी खडू उचलला, पट्टीने मोजला (मला राहवलं नाही), तो दीड सेंटिमीटर भरला.

लेकरावर हात उचलायला कायद्याने बंदी आहे. फेकलेला खडू ‘हात’ या शब्दात मोडतो की नाही हे कुठे लिहिलेलं सापडेना, तेव्हा मी तो मोडतो असंच धरलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने, अशी चिठ्ठी लिहून पेटीत टाकली: ‘पाचवीच्या बाईंनी रामलिंग या निरपराध विद्यार्थ्यास खडू फेकून मारला. खडूची लांबी १.५ सें.मी. हेतू दुसऱ्यास मारण्याचा होता, परंतु तो विचारात घेऊ नये.’ आणि मला एकदम हलकं वाटलं. आता कुणीतरी ‘वाचलं’ म्हणेल, असं वाटून मी दुपारी भागाकार फार चांगला शिकवला.

पेटी उघडली २९ तारखेला, शाळा समितीचे अध्यक्ष उमाशंकरअप्पा यांच्या समक्ष. पेटी बसवल्यापासून तीत आजवर मूठभर चिंचोके आणि एक सरड्याची शेपटी एवढंच निघालं होतं. खरी तक्रार पहिल्यांदाच निघाली. बिरादार सर मला बोलावून म्हणाले, “मॅडम, मामला गंभीर हाय. पण भाषा बघा! निरपराध! विचारात घेऊ नये! असं लेकरू आपल्या पाचवीत हाय, अन् आपल्याला पत्ता न्हाई?” त्यांना त्या लेकराला आधी वक्तृत्व स्पर्धेला पाठवायचं होतं आणि मग जाब विचारायचा होता. अप्पा म्हणाले, आज बाईंवर लिहिलं, उद्या आमच्यावर लिहितील, छडा लावा.

मग सरांनी स्वतः ती चिठ्ठी पाचवीत प्रत्येकाच्या नाकासमोर धरली. रामलिंगला विचारलं, लागलं का रे? तो म्हणाला, “लागलं न्हाई सर, जाग आली.” शेवटी सरांनी तीच वाक्यं अडतीस मुलांना शुद्धलेखन म्हणून घातली आणि अक्षर कुणाशी जुळतं ते तपासून अहवाल देण्याचं काम वर्गशिक्षिका म्हणून माझ्यावर सोपवलं. आत्या, मी प्रामाणिकपणे तपासलं. एकेक वही दोनदा पाहिली. ‘कोणत्याही विद्यार्थ्याचे अक्षर जुळत नाही’ असा अहवाल दिला. त्यात एक अक्षरही खोटं नाही आणि तरी तो दिल्यापासून मला भाकरी गोड लागत नाही.

नवल म्हणजे सरांनी चिठ्ठी वर्गात आणली त्या दिवसापासून वर्ग शांत झाला. मळणीयंत्र बंद. रामलिंग जागा. मी पाठ वळवून फळ्यावर लिहिते तेव्हा मागे श्वास ऐकू येतो. मला वाटलं चौकशीची भीती बसली, आणि अशा भीतीचा फायदा आपण घेतोय म्हणून मी आणखी खंगले.

काल सोमवारी सरांनी वर्गात येऊन सांगितलं की ज्याने लिहिलं त्याने उभं राहावं. दानम्मा उभी राहिली. “म्या लिव्हली.” सर म्हणाले, अक्षर जुळत नाही. “डाव्या हातानं लिव्हली.” (डाव्या हाताचं तिला कसं सुचलं, याचा मी अजून विचार करते आहे.) मी उठणारच होते. खरंच उठणार होते. पण मी शिक्षणसेविका, तीन वर्षांतलं पहिलं वर्ष नुकतं संपलंय, ‘काम समाधानकारक’ हा शेरा सरांच्या पेनात आहे, आणि पाय उठले नाहीत. सर म्हणाले, तक्रार करायला ना नाही, पण बाईंना आधी विचारायचं सोडून गुपचूप लिहिलं, तेव्हा शनिवारी परिपाठात सगळ्यांसमोर बाईंची माफी माग, नाहीतर सोमवारी खो-खोच्या संघाबरोबर लातूरला जायचं नाही. दानम्मा म्हणाली, “चूक केली न्हाई तर माफी कामून मागू?” आणि बसली. ती जून महिन्यापासून शाळेच्या झेंड्याच्या खांबावर झेपावून सराव करते आहे. खांब एका बाजूला कलला आहे, इतका.

म्हणजे आता माझ्या चिठ्ठीची माफी ती माझ्याकडे मागणार, नाहीतर घरी बसणार. कबूल केलं तर सर म्हणतील, बाई स्वतःचीच चौकशी करून अहवाल देतात. आणि भीती गेली की मळणीयंत्र पुन्हा सुरू होणार. नाही कबूल केलं तर काय, ते मी लिहीत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतंत ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

मोठ्यांना नमस्कार, मांजर असेल तर त्याला दूध.

तुमची,
सुकन्या

ता. क. मुख्य काम राहिलंच. तो पत्र्याचा डबा माळ्यावर असेल. शुक्रवारी दीपमालाच्या हाती द्यावा. झाकण घट्ट बसत असेल तर बसू द्या, मुलं उघडतील. मला तो वर्गात ठेवायचा आहे. आणि हे पत्र वाचून झालं की एका कागदावर फक्त ‘वाचलं’ एवढं लिहून त्या डब्यात टाकावं. जास्त काही लिहू नका, मला रडू येतं आणि मग दमा होतो.

ता. क. दुसरा, बुधवार. पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडावं लागलं. आज मधल्या सुट्टीत मी दानम्माला व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, अगं, तू लिहिली नाहीस हे मला माहीत आहे. ती म्हणाली, “आम्हाला बी माहीत हाय, बाई. तुमची हाय ती.” मी म्हटलं, आम्हाला म्हणजे कुणाला? “सगळ्या वर्गाला. सरांनी नाकासमोर धरली तवाच कळालं. खडू शेंटीमीटरात तुमच्याबिगर कोण मोजतंय? अन् त्या दिवशी तुमच्या डाव्या बोटांना शाई होती.” मग वर्ग गप्प का असतो? “पंचाक्षरीनं मशीन बंद केली. म्हणला, बाई लई कच्च्या हायत, अजून एक चिठ्ठी टाकतील अन् जातील. मागच्या बाई पट्टीनं मारायच्या. आम्हाला ह्याच बाई पायजेत.” मी म्हटलं, पण तू का उभी राहिलीस? “तुम्हाला काढून टाकलं असतं. मला कुठं काढतेत? मी तर पाचवीलाच हाय.” आणि खो-खो? यावर मात्र तिने झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. मग जाता जाता एवढंच म्हणाली की बाई, खडू मारायचाच तर नेम धरून मारत जा, रामलिंगचं काय चुकलं होतं.

म्हणजे अडतीस मुलं गेले दहा दिवस मला सांभाळत होती आणि मी वर्ग सांभाळला असं तुम्हाला लिहीत होते. ही तिसरी दुरुस्ती.

नवी चिठ्ठी लिहून झाली आहे. उजव्या हाताने लिहिली आहे, अहवालाबद्दल दोन ओळी वाढवल्या आहेत, खाली सही आहे. पेटीत टाकणार नाही, सगळ्यांसमोर उभी राहून वाचणार आहे: शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी साडेसात वाजता, परिपाठात, प्रार्थना झाल्यावर आणि बातम्या सुरू होण्याआधी.