यंदा भैरवीताईले धरणावर पाठवते

१४ एप्रिल
जयंतीची खीर द्यायले समोरच्या फ्लॅटमध्ये गेली अन् डोकं फिरवून आली! भैरवीताई अंघोळीले गेलेली. तिची नूपुर सहज म्हणते, "काकू, पचमढीला तुम्ही पण त्याच लॉजवर राहिलात ना? आई तर रडली होती तिथे. नळाला पाणी नाही, गादीत ढेकूण!"

रडली होती! अन् मले काय म्हणे? "मेघा, डोळे मिटून जा. स्वर्ग आहे."

तिच्या भरवशावर सासूबाईंले नेलं. तुळसाबाई जन्मात पहिल्यांदा फिरायले निघालेल्या, नवीन पातळ नेसून. गुडघे धरून बादलीभर पाण्यासाठी जिना चढ-उतर केला त्यांनी. तेव्हापासून एकच — "मले आता कुठी नेऊ नका."

अन् मी येडी! परत आल्यावर साऱ्या बिल्डिंगले सांगितलं, मस्त झालं. फिरून आलेल्यानं रडगाणं गायचं नाही, असा आमच्याकडचा कायदाच आहे.

सोडत नाही तिले.

१७ एप्रिल
माझ्या भावाचा, विक्कीचा फोन. बायकोपोरांसकट धरणाकाठच्या कुठल्याशा रिसॉर्टवरून पळून आला. डास, आंबलेली डाळ, बाथरूममध्ये विंचू! "ताई, दुश्मनालेही पाठवू नको."

काहून नको?

१८ एप्रिल
गच्चीवर कुरडया घालता घालता पुडी सोडली. "आमचा विक्की तर परत यायलेच तयार नव्हता, एवढा गारवा!" भैरवीताईचे डोळे चमकले. "कुठे गं? नंबर दे ना."

दिला. लगेच दिला!

२१ एप्रिल
बुक केलं म्हणे तिनं. आज वांग्याची भाजी भारी जमली मले.

२७ एप्रिल
नूपुर धरणावर न्यायची नवीन टोपी घालून मिरवून राहिली. सासूबाई खिडकीतून पाहत होत्या. "मजा आहे बापा त्यांची." पोरीसाठी जरासं टोचलं. मग ढेकूण आठवले. जाऊ दे!

२ मे
भैरवीताई घरी आली, निघायच्या आधीच. माझा हात धरून रडायलेच लागली. "नूपुरनं सांगितलं मला, ती काय बोलली ते. लाजेपायी खोटं बोलले गं तेव्हा. आजींचे हाल झाले माझ्यामुळे. भरपाई करू दे — धरणावर तुमची पण खोली घेतलीये! प्रीतमभाऊजींनी रजासुद्धा टाकली."

नवऱ्यानं रजा टाकली अन् मलेच पत्ता नाही!

३ मे
तुळसाबाईंनी ते पातळ पेटीतून काढलं. "एवढ्या वेळेस येतो वं मी," म्हणाल्या.